साहेबाची म्हातारी

रविवार, २ डिसेंबर १९०६. जुन्नर.

आज वही सुरू केली. आमचा धंदा कागद करायचा, म्हणून कागद माझ्याच हातचे, कडा फाटल्या म्हणून बाजारात न गेलेले. निळ्या पुठ्ठ्यात शिवले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी शिकलो मराठी शाळेत, तेव्हा या वहीत सगळे मराठीच बोलतील. कोणाची तक्रार असेल तर त्याने आपली वेगळी वही सुरू करावी.

कारण असं की माझा अपमान झाला आहे. काल अम्मा बिबिजान नानीकडे दिलशादसाठी शब्द टाकायला गेली होती. दिलशाद नानीची नात. आईबाप लहानपणीच गेले, नानीनेच वाढवलं. नानीने अम्माला गुळाचा चहा पाजला आणि म्हणाली, "कासम वाईट न्हाई. पण त्याचं बूड एका जागी टेकत न्हाई. कागदाचं काम अर्ध्यात सोडून टांगे रंगवायला गेला. टांगे सोडून आंब्याची कलमं बांधली, ती बकरीनं खाल्ली. उद्या माझी नात बी अर्ध्यात सोडंल."

बकरीने कलमं खाल्ली यात माझा काय दोष, हे कोणी सांगेल का? आणि टांगे मी सोडले नाहीत, टांगेवाल्यांनी मला सोडलं. मी वाघ काढला, ते मांजर म्हणाले.

नानी मोहरमच्या आत पक्कं उत्तर देणार आहे. म्हणजे अडीच महिने. तेवढ्यात काहीतरी असं करून दाखवीन की म्हातारीने तोंडात बोटं घालावीत. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

बुधवार, ५ डिसेंबर.

ठरलं. खुद्द नशीब दारात आलं, जानकू बटलरच्या रूपाने. नदीपलीकडच्या बंगल्यात जंगलखात्याचा हाडीक साहेब राहतो, त्याचा हा बटलर. मला म्हणाला, "तसबिरी साफ करणारा कासम तूच न्हवं? मडमनं बोलावलंय."

मी आजवर एकही तसबीर साफ केलेली नाही. पण माणसाची कीर्ती त्याच्या पुढे चालते असं ऐकलं होतं, ते खरं निघालं. मी हो म्हणालो. बंगल्याच्या फाटकात दिलशाद अंड्यांची टोपली घेऊन बाहेर पडताना दिसली. आठवड्यातून दोनदा ती तिथे अंडी देते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पदर तोंडावर धरून खोकत निघून गेली. थंडी बाधली असावी.

तसबीर म्हणजे तैलचित्र, हातभर रुंद, दीड हात उंच. काळे कपडे, पांढरी टोपी, कडक गळपट्टी आणि मध्ये एक म्हातारी. तीनशे वर्षांपूर्वी वलंदेज म्हणजे डच मुलखातल्या कोणा मोठ्या उस्तादाने काढली म्हणे. साहेबाच्या पणजीच्या पणजीची कोणीतरी. साहेबाची बदली होईल तिथे म्हातारीही जाते. यंदाच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरली. साहेब आंबेगावकडच्या जंगलात दौऱ्यावर आहे, जानेवारी संपता संपता येईल.

जानकू म्हणाला की साहेबाची आई हुबेहूब या चित्रासारखी होती आणि लग्नानंतर सहा वर्षं मडमपाशी राहिली, मग वारली. मडमचा सासूवर फार जीव असणार. तिला चित्राकडे पाहवतही नव्हतं. चित्राकडे पाठ करूनच तिने ते माझ्या हवाली केलं. जानकूमार्फत एकच सूचना केली, "खूप घास. जोरात घास." असे खुल्या मनाचे लोक क्वचित भेटतात.

शुक्रवार, ७ डिसेंबर.

रिठ्याच्या पाण्याने धुतलं. टोपी उजळली. म्हातारी फारच रागीट निघाली. बुरशी होती तेव्हा बरी वाटत होती. सगळी गल्ली पाहून गेली. नानी तेवढी आली नाही.

शनिवार, ८ डिसेंबर.

तोंड गेलं. बाकी उद्या.

रविवार, ९ डिसेंबर.

झालं ते असं. गालावरची बुरशी रिठ्याला दाद देईना. आम्ही कागदी लोक कागदासाठी जुनं गोणपाट साफ करताना सज्जीखार घालतो, त्याच्यापुढे कसलाही मळ टिकत नाही. मी थोडासाच घातला. मळ निघाला, पण चित्र मलूल दिसायला लागलं. आता कागद मलूल दिसला की आम्ही काय करतो? खळ देतो, वाळवतो आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतो, म्हणजे त्याला चकाकी येते. वडिलांनी मला सात वर्षांचा असल्यापासून घोटायला बसवलं. एवढं एकच काम मला डोळे मिटून येतं. मी खरोखरच डोळे मिटून घोटत होतो.

उघडले तेव्हा दुधावरची साय बोटाला यावी तशी म्हातारी दगडाला आली होती. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, सगळं. टोपी शाबूत, गळपट्टी शाबूत, मधे तपकिरी कापड.

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू. साहेब मला तुरुंगात घालील ते घालील, पण नानी म्हणेल, "बघा, हे बी निम्मंच केलं," आणि या खेपेला ते खरं असेल.

सोमवार, १० डिसेंबर.

अम्माला सांगितलं नाही. चित्र गोणपाटाखाली झाकलं. दुपारी दिलशाद चिंध्या न्यायला आली, त्यांच्या घरी कागदासाठी चिंध्या निवडायचं काम असतं. तिने नेमकं तेच गोणपाट उचललं. बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "तोंड गेलं तर दुसरं काढा. समोर जित्तं म्हातारं मानूस बसवून काढा. गल्लीत म्हाताऱ्यांचा काय तोटा हाय का?" आणि चिंध्या घेऊन गेली.

ती गेल्यावर मला एक नामी युक्ती सुचली. एखादी म्हातारी समोर बसवायची आणि तिला पाहून चेहरा नव्याने काढायचा. संकटात माझं डोकं फार चालतं.

सगळ्या म्हाताऱ्या मनात फिरवून पाहिल्या. साहेबाच्या म्हातारीचा तोरा एकीतच आहे. दुर्दैवाने ती बिबिजान नानी.

बुधवार, १२ डिसेंबर.

नानीकडे गेलो. सगळं खरं सांगितलं, कारण तिच्यापुढे खोटं टिकत नाही. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. म्हणाली, "तसबीर काढून घेनं आमच्यात बरं न्हवं. मी बसनार न्हाई."

मी उठलो. ती म्हणाली, "चिंध्या निवडायला मातर मी रोज सकाळी उन्हाला बसते. तुमच्या आंगनातलं ऊन चांगलं हाय. तिथं बसंन. तू कुठं बघतोस ते तुझं तू अल्लापुढं सांग."

गुरुवार, १३ डिसेंबर.

टांगे रंगवणाऱ्या शफीकडून सफेदा, गेरू आणि काजळी आणली, जवसाच्या तेलात घोटली. नानी गाठोडं घेऊन आली, लेण्याद्रीच्या डोंगराकडे तोंड करून बसली आणि चिंध्या निवडायला लागली. सुती एकीकडे, तागाच्या दुसरीकडे. माझ्याकडे लक्ष नाही असं दाखवते, पण मी पहिली रेघ ओढताच म्हणाली, "कपाळ लई झालं."

मंगळवार, १८ डिसेंबर.

कपाळ तिसऱ्यांदा पुसलं. ही बाई काम करू देत नाही, सारखे प्रश्न. सकाळी किती वाजता उठतोस? अम्माला पाणी कोण भरून देतं? रागावलास की भांडी आपटतोस का? बायकोने कालवणात मीठ जास्त घातलं तर काय करशील? मी म्हटलं, नानी, मला बायको कुठे आहे. म्हणाली, "म्हनून तर इचारते."

म्हातारपणी माणसाला उगाच चौकशा सुचतात. मी खरी उत्तरं देऊन टाकतो, कारण खोटं रचायला सवड नसते. मीठ जास्त झालं तर पाणी घालीन म्हणालो.

रविवार, २३ डिसेंबर.

उजवा डोळा साधला. खरंच साधला. बघितलं की वाटतं, आता बोलणार आणि अपमान करणार.

एक गोष्ट समजत नाही. नानीच्या चिंध्या सरत कशा नाहीत? रोज दुपारपर्यंत दोन ढीग होतात, दुसऱ्या दिवशी गाठोडं पुन्हा तेवढंच. एवढ्या चिंध्या गावात येतात कुठून?

मंगळवार, १ जानेवारी १९०७.

आज माझी कसोटी झाली. दोस्त अन्सार उद्या पहाटेच्या टांग्याने निघून मुंबईला जाणार. तिथे छापखान्यात त्याचा मामा आहे, मलाही चिकटवून देईल. साहेब परतायच्या आत मी मुंबईत असेन, मग खुशाल शोधा. मी होकार दिला. कपडे गाठोड्यात बांधले. नुसत्या विचाराने इतकं हलकं वाटलं की मी गाणं म्हणत होतो.

बुधवार, २ जानेवारी.

गेलो नाही. पहाटे गाठोडं उचललं, तर वाटेत चित्र. डावा डोळा अर्धाच झालेला. पापणी आहे, बुबुळ नाही. म्हटलं, एवढा डोळा पुरा करून पुढच्या टांग्याने जाऊ. अन्सार हाका मारून निघून गेला. डोळा पुरा व्हायला दुपार झाली, तोवर नाकाला हात लागलेला होता.

नानी सकाळी आली तेव्हा गाठोडं दारातच पडलेलं. तिने ते पाहिलं आणि त्यावर पाय ठेवून पलीकडे गेली. दुपारी दिलशादच्या हाती मलिदा धाडला. आज कसला सण आहे म्हणून मी विचारलं. दिलशाद म्हणाली, "नानी म्हनली, द्यायचा." त्या घरात कोणी सरळ उत्तर देत नाही. मलिदा मात्र उत्तम होता.

शनिवार, १२ जानेवारी.

एक कबुली. आज चुकून अर्धा तास मी काही रंगवलंच नाही, नुसता बघत बसलो. रोज बघून बघून नानीच्या तोंडावरची प्रत्येक सुरकुती मला आमच्या गल्लीइतकी ओळखीची झाली आहे. ओठांच्या कडेला जो राग दिसतो तो राग नाही. हसू दाबून धरलं की तशी घडी पडते. ती मी तशीच काढली. मूळ म्हातारी अशी नव्हती, हे मला कळतं. पण आता हात दुसरं काढत नाही.

नानीने पहिल्यांदाच उठून चित्र पाहिलं. बराच वेळ उभी राहिली. "मी अशी दिसते व्हय?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. तिने टोपीकडे बोट करून म्हटलं, "ही टोपी लई वाईट हाय," आणि घरी गेली. 

शनिवार, १९ जानेवारी.

संपलं. शेवटपर्यंत संपलेलं माझं हे पहिलंच काम.

मंगळवार, २२ जानेवारी.

बंगल्यावर पोचवलं. मडमने कापड काढलं आणि मटकन खुर्चीत बसली. आधी हात तोंडावर दाबला, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. सासूची आठवण आली असणार. मग उठून तिने स्वतः दार लावलं आणि चित्राला एक बोट लावलं. बोटाला गळपट्टीशेजारचा ओला रंग आला. तिने तो रुमालाला पुसला आणि जानकूला सांगून चित्र दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या चुलाण्यावर, अगदी छताजवळ टांगून घेतलं. धूर लागेल म्हटलं, तर मान हलवली. चित्रांतलं तिला काही कळत नाही.

बुधवार, २३ जानेवारी.

मेलो. नानी विधवा, नथ उतरवून वीस वर्षं झाली, पण नाकातलं भोक कुठे जाणार? आज ती दारात उभी होती, ऊन नाकावर पडलं होतं आणि मला आठवलं. जसं दिसलं तसं मी इमानाने काढलं आहे. वलंदेज देशाच्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या मडमच्या नाकपुडीवर नथीचं भोक.

बंगल्यावर धावत गेलो. जानकू म्हणाला, मडमने कोणालाही चित्राला हात लावायला बंदी केली आहे. मला तर खासच.

शुक्रवार, २५ जानेवारी. बकरीद.

नमाजात चित्त नव्हतं. सगळे गळ्यात पडले, मी मनातून एकेकाचा निरोप घेत होतो.

मंगळवार, २९ जानेवारी.

साहेब काल आला. सोबत पुण्याचा एक म्हातारा पाहुणा, जन्मभर जुनी चित्रं पाहणारा, खिशात भिंग. आज मला बोलावणं आलं. अम्माला म्हटलं, येतो. तिला ते नेहमीसारखं वाटलं.

दिवाणखान्यात साहेब, पाहुणा, मडम. जानकू माझ्या बाजूला, इंग्रजीचं मराठी करायला. साहेब मान वर करून चित्राकडे बघत उभा.  मी ठरवलं होतं, विचारलं की सगळं कबूल करायचं. पण कोणी विचारायला तर हवं.

पाहुणा खुर्चीवर चढला. तरी हात पोचेना. मडमने, खुर्ची डुगडुगते, पडाल, असं सांगून त्याला आणखी वर चढू दिलं नाही. मग त्याने तिथूनच भिंग लावलं. नाकाशी येऊन ते थांबलं. मी कलमा म्हणायला सुरुवात केली.

पाहुणा ओरडलाच. जानकू माझ्या कानात सांगत गेला. म्हणे, नाकावरचा हा तीळ बघा, दुसरा कोणीही चित्रकार मालकिणीला खूश करायला तो गाळला असता, पण मोठा उस्ताद काही लपवत नाही. इतकी वर्षं मळाखाली दडला होता. या माणसाने मळ काढून खाली अस्सल हात बाहेर आणला. मग खाली उतरून त्याने माझा हात हातात घेतला.

 शेवटी साहेब हळूच बोलला आणि ते जानकूने सगळ्यात शेवटी सांगितलं, "साहेब म्हनतो, लहानपनापासून मला हिची भीती वाटायची. आई रागावली की आशीच बघायची. ही मनातून हसतीय, हे मला आज कळलं."

मी कबूल करायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मडमने माझ्या पुढ्यात बिस्किटांची बशी धरली आणि भरल्या तोंडाने बोलणं बरं दिसत नाही.

मार्चमध्ये साहेब कायमचा विलायतेला जातो आहे. म्हातारीही जाणार.

रविवार, ३ फेब्रुवारी.

नानीला सगळं सांगायला गेलो. नाकाचा भाग आला तेव्हा तिचं बोट आपोआप नाकपुडीवर गेलं. विलायतेचं ऐकून म्हणाली, "मी नारायणगावाच्या पुढं कवा गेले न्हाई. आता तोंड जाऊन राहील. त्यांच्या पोराबाळांस्नी आजी म्हनून दाखवतील मला." ती खूश होती की घाबरली होती, ते मला सांगता येणार नाही. थोडा वेळ तिने डोळे पुसले.

मग मी धीर करून विचारलं, की मोहरमला दहा-अकरा दिवस राहिले, अम्माला काय सांगू.

नानी म्हणाली, "लोक पोर बघायला येत्यात. घटकाभर बसत्यात, सरबत पेऊन जात्यात. मी पोरगा बघितला, महिना वर आठ दिस, रोज सकाळी. चिंध्या पयल्या चार दिसांत निवडून झाल्या व्हत्या, कासम. रोज सांजच्याला दिलशाद परत मिसळून ठेवायची."

मी बोटांवर दिवस मोजले. अडतीस भरले. 

"माज्या तोंडासमोर येवढं कोन बसलं न्हाई," ती म्हणाली. "आमचे ते बी न्हाई. निकाहाची तारीख सांग अम्माला."

सोमवार, ४ फेब्रुवारी.

नानीची एक अट. "ती निळी वही हौदात टाक. समदं लिवून ठेवलंयस म्हनं. कोनाच्या हाती लागली तर माजं तोंड अर्ध्या वाटंवरनं परत येईल." वहीचं तिला कोणी सांगितलं कोण जाणे. रद्दी कागद आम्ही भिजवून, कुटून पुन्हा कागदच करतो, तेव्हा वहीचा मागमूस उरणार नाही. त्याच लगद्याचा कागद करायचा आणि काझींनी त्यावर निकाहनामा लिहायचा, असंही तिने ठरवून टाकलं.

नानीला वाचता येत नाही, नजरही आता अधू झाली आहे. सांजवेळी तिच्यासमोर मी वही फाडून हौदात टाकली. माझी शाळेतली भूगोलाची वही, तांबड्या पुठ्ठ्याची. आशिया खंड विरघळताना नानी समाधानाने बघत होती. निळी वही सदऱ्याच्या आत होती.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी.

कागद झाला. असा कागद मी आयुष्यात केला नाही. खळ दिली, वाळवला, अकीकाने घोटला, डोळे उघडे ठेवून.

रविवार, १० फेब्रुवारी.

निकाह झाला. काझींनी कागदावर हात फिरवून विचारलं, कोणी केला? मी केला, असं मी चारचौघांत सांगितलं आणि अम्मा रडली. नानी दाराशी बसली होती, ओठांच्या कडेला ती घडी.

सोमवार, ११ फेब्रुवारी.

सकाळी दिलशादने निकाहनामा उन्हात धरला. त्यात एक बारीक तांबडा धागा राहून गेला होता. मी बघितला नव्हता.

"हौदात गेली ती तांबडी वही," ती म्हणाली. "निळी कुठाय?"

मी सदऱ्यातून काढून दिली. तिला मराठी अक्षर येत नाही. वही मला परत देऊन पाय पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, पहिल्या पानापासून वाचून दाखव. मी वाचू लागलो. नानीचा चहा झाला, वाघ झाला, बकरी झाली. मग पाच डिसेंबर आलं. जानकू दारात येऊन तसबिरी साफ करणारा कासम कोण असं विचारतो, आणि बंगल्याच्या फाटकातून अंड्यांची टोपली घेऊन दिलशाद बाहेर पडते.

मी मान वर केली. ती पदर तोंडावर धरून खोकत होती.

थंडी सरून आठवडा झाला आहे. माझी कीर्ती बंगल्यापर्यंत कोण घेऊन गेलं, ते कळून मी वाचायचा थांबलो.